भट्टीतून लाल असतानाच काढलेला चावान

चावान, म्हणजे जपानी चहाच्या बैठकीतला वाडगा, घडवायला बसताना माती हातात घेण्याआधी तीन वस्तू समोर मांडून ठेवाव्यात. एक चासेन, म्हणजे माचा (हिरव्या चहाची बारीक पूड) घुसळायची बांबूची रवी. दुसरा चाकिन, म्हणजे वाडगा पुसायचा लिननचा छोटा फडका. तिसरा एखादा जुना, वापरातला वाडगा, ज्यातून आपण चहा प्यायलेला आहे. या तिन्हींची मापं डोळ्यांसमोर नसतील, तर हातून देखणं भांडं होईल, पण चावान होईलच असं नाही. चावानची प्रत्येक रेघ वापराकडून उलटी येते. ओठ कसा असावा ते पिणारा ठरवतो, तळ कसा असावा ते रवी ठरवते आणि पाय, म्हणजे बुडाखालचं कडं, कसा असावा ते वाडगा उचलणारी बोटं ठरवतात.

क्योटोतल्या एका लहान कार्यशाळेत आम्ही या खेपेला सहा वाडगे घडवले. चाक न वापरता, हाताने. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, काळं, आणि वाडगे भट्टीत लालबुंद असतानाच चिमट्याने बाहेर काढायचे. सहांपैकी तीन हाती लागले. या कामात हे प्रमाण वाईट नाही. उरलेले तीन कुठे आणि का गेले ते त्या त्या टप्प्यावर सांगतो, कारण नवीन माणसाला त्याचाच जास्त उपयोग होईल.

ही पद्धत राकूची. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत चहाचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) यांच्या सांगण्यावरून चोजिरो या कारागिराने क्योटोत असे वाडगे घडवले. त्याआधी चहाच्या बैठकीत मान होता तो चीनमधून आलेल्या तेन्मोकूंना, म्हणजे गडद ग्लेझच्या वाडग्यांना, आणि कोरियातून आलेल्या वाडग्यांना. केवळ याच चहासाठी, याच हातांसाठी घडवलेला वाडगा ही नवी गोष्ट होती. चोजिरोनंतर राकू घराण्याने ते काम क्योटोत आजतागायत चालू ठेवलं आहे. २०१९ मध्ये घराण्याचे सोळावे प्रमुख किचिझाएमोन यांनी सूत्रं हाती घेतली. चहाच्या जगात एक क्रम तोंडपाठ असतो: इचि राकू, नि हागी, सान कारात्सु. पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा कारात्सु; शेवटचे दोन जपानमधल्या दुसऱ्या गावांच्या घडणीचे वाडगे.

इथे एक खुलासा करायला हवा. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंमध्ये ‘राकू’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते गरम भांडं भुशात किंवा पालापाचोळ्यात टाकून धुरी देणं, तांब्याची झळाळी आणि पांढऱ्या ग्लेझवर काळ्या भेगांची जाळी. ती १९६० च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर यांच्या हातून सुरू झालेली वाट आहे. तिची स्वतःची मजा आहे, पण ती भांडी सच्छिद्र राहतात, भेगांत काजळी बसते आणि त्यातून काही प्यायचं नसतं. चावान पिण्यासाठी असतो. त्याला धुरी नाही. भट्टीतून काढायचा, हवेत निवू द्यायचा, बस्स.

आता माती. भट्टीतून सुमारे १,१८० अंशांवर बाहेर काढलेला वाडगा दोन-तीन मिनिटांत काही शे अंश खाली येतो. साधी, बारीक, घट्ट माती हा धक्का सोसत नाही, तडकून जाते. म्हणून माती भरड हवी, आत मोकळी जागा असलेली. आम्ही आगीला टिकणाऱ्या मातीत भाजलेल्या मातीचा रवाळ चुरा वजनाने पाचवा हिस्सा घातला. चुऱ्याचे कण मोहरीहून लहान, रव्याहून थोडे मोठे. हे प्रमाण कमी केलं तर बाहेर काढताना वाडगा फुटतो; फार वाढवलं तर ओठ खरखरीत होतो आणि कोरताना कणाकणाने ओरखडे उठतात. राकू घराण्यात माती पिढ्यान्‌पिढ्या साठवून मुरवत ठेवतात. आम्ही तीन महिने मुरवलेली वापरली. ताजी माती कडेला चिरते, हे हाताला लगेच कळतं.

मळण्याचे दोन भाग. आधी नुसती कणीक मळल्यासारखी मळायची, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा होतो. मग किकुनेरी, म्हणजे शेवंतीच्या फुलासारखी मळणी: गोळा प्रत्येक दाबेला थोडा फिरवत जायचं, की पाकळ्यांसारख्या घड्या पडतात आणि अडकलेली हवा बाहेर निघते. आम्ही प्रत्येक गोळ्याला साठ-सत्तर दाब दिले. तारेने मधोमध कापून पाहिलं की एकही पोकळी दिसता कामा नये. राहिलेला बुडबुडा कोरताना पातीखाली भोक होऊन उघडतो.

प्रत्येक वाडग्याला ८०० ग्रॅम ओली माती घेतली. आकडा मोठा वाटेल, पण हिशेब असा आहे. वाडगा जाड घडवून नंतर कोरायचा असतो, आणि कोरण्यात ३०० ते ३२० ग्रॅम माती निघून जाते. उरलेल्या ४८० ग्रॅममधलं पाणी वाळताना उडतं, तेव्हा ३७० ग्रॅमच्या आसपास राहतात. भाजल्यावर मातीत बांधलेलं पाणीही जातं, उरतात साधारण ३४० ग्रॅम. वर ग्लेझचे चाळीसेक धरले, तर हातात येतो ३८० ग्रॅमचा वाडगा. चारशेच्या वर गेलेला वाडगा भरल्यावर मनगटाला जाणवतो. तीनशेच्या खाली आलेल्याची भिंत एवढी पातळ होते, की गरम पाणी ओतल्यावर तो तळव्यात धरवत नाही. जाड, सच्छिद्र भिंत उष्णता हळू बाहेर सोडते. काचेच्या पेल्यात जे पाणी बोटं पोळतं, ते या वाडग्यात नुसतं ऊबदार लागतं.

मापंही आटण्याचा हिशेब धरून घ्यावी लागतात. या मातीचं सगळं मिळून दहा टक्के आटणं धरलं. तयार वाडग्याचं तोंड ११.५ ते १२ सेंटिमीटर आणि उंची ८ हवी होती, म्हणून ओल्या मातीत तोंड १३ आणि उंची ९ ठेवली. माप घ्यायला तोम्बो असतो. बांबूच्या उभ्या काडीतून आडवी काडी गेलेली. आडवी तोंडाची रुंदी सांगते, उभी आतली खोली. तोम्बो म्हणजे चतुर, तो उडणारा किडा, आणि ते हत्यार दिसतंही तसंच.

घडवणं म्हणाल तर भाकरी थापण्यापासून सुरू होतं. हाताने फिरवायच्या छोट्या पाटावर गोळा ठेवला आणि तळहाताने थापत १४ सेंटिमीटर रुंद, अडीचेक सेंटिमीटर जाड चकती केली. मधला भाग मुठीने नीट ठोकून घेतला. हे ठोकणं चुकवू नये. कडा वर उचलताना त्या दाबल्या जातात, घट्ट होतात. मधला तळ मात्र सैल राहतो, जास्त आटतो आणि वाळताना तिथे चीर जाते. मग दोन्ही तळव्यांनी कडेने माती हळूहळू आत आणि वर ढकलत न्यायची. चिमटीत धरून ताणायची नाही. ताणलेली भिंत पातळ होते आणि बाहेर कलंडते. ढकललेली भिंत जाड आणि उभी राहते. चाकावर वाडगा बाहेर उमलतो. इथे तो आत मिटतो, ओंजळीसारखा. चोजिरोच्या वाडग्यांकडे पाहताना जी आतली शांतता जाणवते ती याच कृतीतून येते, असं आमचं मत आहे. ओंजळ करून पाणी प्यायलेल्या कुणालाही हा आकार नवा वाटणार नाही.

ओठ सपाट कापायचा नाही. वरची कड धनुष्याच्या तारेने एका पातळीत आणली, मग ओल्या हरणाच्या कातड्याच्या पट्टीने दाबून गोल केली आणि पाच ठिकाणी अगदी किंचित उंचवटे राहू दिले. त्याला गोगाकू म्हणतात, पाच डोंगर. उंचसखलपणा दोन-तीन मिलिमीटरचाच. चाकिन ओठावर घडी घालून साडेतीन फेरे फिरवतात. उंचवटे जास्त झाले की फडका अडतो, वाडगा हातात हिसकतो आणि पाहणाऱ्याचाही श्वास अडकतो.

अशा अवस्थेत वाडगे ओल्या कापडाखाली दोन दिवस ठेवले. कोरायला माती धड ओली नको, धड सुकलेली नको. आमची खूण अशी: नखाने स्वच्छ ओरखडा निघतो, पण अंगठा दाबला तर खड्डा पडत नाही. जास्त ओली असली तर पाती मातीला चिकटून ओढते. जास्त सुकली तर भुकटी पडते आणि चुऱ्याचे कण उखडून खळगे होतात.

कोरणं हेच या वाडग्याचं खरं घडणं. हत्यार एक, कान्ना. लोखंडी पट्टीची वाकवलेली पाती. आतून सुरुवात करायची. चासेनची फुललेली टोकं तळाशी साडेपाच-सहा सेंटिमीटर जागा व्यापतात आणि घुसळताना पुढे-मागे जोरात जातात. म्हणून आतला तळ निदान सात सेंटिमीटर मोकळा हवा, आणि तळ व भिंत जिथे भेटतात तिथे कोपरा नको, वळण हवं. कोपरा राहिला तर माचाची गुठळी तिथे दडते, रवीला ती सापडत नाही. तळाच्या मध्यावर छोटा खोलगा ठेवतात, चादामारी. पिऊन झाल्यावर उरलेला हिरवा थेंब तिथे जमतो. तो खोलगा जेमतेम जाणवेल एवढाच ठेवला. आतली बाजू गुळगुळीत करायला बांबूची पट्टी फिरवली, कारण भरड कण उघडा राहिला तर रवीचे दात तुटतात आणि चहात बांबूचा तुकडा निघतो. जपानी भाषेत या जागांना त्यांच्या कामावरूनच नावं आहेत: रवी घासते तो पट्टा चासेन-झुरे, त्यावरचा, फडका घासतो तो चाकिन-झुरे. शिकताना ही नावं लवकर पाठ करावीत. नाव माहीत असलं की हात तिथे थांबतो.

मग बाहेरून. वाडगा पालथा घालून कंबर कोरायची, आधी मोठ्या घावांनी, नंतर लहान. पातीची खूण पूर्ण मिटवू नये. ती खूण म्हणजे बोटांना मिळालेली पकड असते. जाडी आम्ही ओठाशी ५ मिलिमीटर, पोटाशी ६, कंबरेशी ८ ठेवली. वजन खाली, कंबरेत राहिलं पाहिजे. ओठाशी राहिलं तर वाडगा कलंडेल असं हाताला वाटत राहतं. डोळ्याला जेवढा जड दिसतो त्याहून हाताला हलका लागला, तर वाडगा बरा कोरला गेला. हातात घेतल्यावरच्या या जाणिवेला तेदोरी म्हणतात. चहावाले लोक वाडगा पाहण्याआधी तेदोरीची गोष्ट करतात, आणि ते बरोबर आहे.

पाय शेवटी कोरायचा. बाहेरचा व्यास साधारण ६ सेंटिमीटर, उंची ८ मिलिमीटर. भाजून साडेपाचाच्या आत येतो. चहा घेताना वाडगा डाव्या तळव्यावर बसतो आणि उजवा हात त्याला कवेत घेतो, तेव्हा पायाची कड तळव्याला टोचायला नको, पण उचलताना खालून बोटं शिरायला जागा हवी. पायाची तातामीला, म्हणजे बैठकीच्या गवती चटईला, टेकणारी कडा, तातामी-त्सुकी, घासून गोल केली; नाहीतर ती तातामीचे धागे ओढते. पायाच्या आत मधोमध लहानसं टोक राहू दिलं, तोकिन. हे पाहुण्याला दिसतं. चहा संपला की तो वाडगा जमिनीपासून फार वर न उचलता, कोपरं गुडघ्यांवर टेकून उलटा करतो आणि पाय निरखतो. घडवणाऱ्याचा हात पायातच सगळ्यात स्पष्ट वाचता येतो. हागीच्या वाडग्यांत तर पायाला खाच पाडलेली असते आणि ती कशी पाडली आहे यावर जाणकार मिनिटभर थांबतात.

पहिला वाडगा इथेच गेला. पाय आतून खोल करताना तळाची जाडी मोजली नव्हती, पाती आरपार निघाली. ओल्या मातीने भोक बुजवून उपयोग नसतो. बुजवलेला तुकडा वेगळा आटतो आणि भाजताना गळून पडतो. ती माती परत पाण्यात गेली. उरलेल्यांना आम्ही आधी सुईने मधोमध टोचून जाडी पाहिली आणि पोटावर बोटाने टिचक्या मारत ऐकत राहिलो. जाड तळ ‘ठप्’ असा बोलतो. सहा-सात मिलिमीटरवर आला की आवाज किंचित पोकळ होतो. तिथे थांबायचं.

वाळवण्यात घाई करायची नाही. ओठ सगळ्यात आधी सुकतो, कारण त्याला दोन्ही बाजूंनी हवा लागते. तो आटायला लागतो, पण खालची कंबर अजून ओली आणि फुगलेली असते. या ओढाताणीत ओठाला उभी चीर जाते, केसासारखी. दुसरा वाडगा असाच गेला; रात्रीत वाऱ्याची दिशा बदलली आणि त्याच्यावरचं कापड सरकलं. ओठाभोवती प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून, वाडगा पालथा घालून, जाळीच्या फळीवर दहा-बारा दिवस ठेवले की चारही बाजू एका चालीने सुकतात. गालाला लावून पाहावं. गार लागला तर आत अजून पाणी आहे.

कच्ची भाजणी ८०० अंशांवर केली. पहिली रात्र भट्टी ८०-९० अंशांवरच ठेवली, म्हणजे उरलंसुरलं पाणी वाफ होऊन भिंत फोडत नाही. पुढे ६०० पर्यंत ताशी ७० अंश. ५७३ अंशांपाशी मातीतल्या गारेचे कण एकदम फुगतात, आणि निवताना तिथेच एकदम आकसतात, म्हणून चढताना-उतरताना या टप्प्यावर भट्टी घाईने न्यायची नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाकण उघडलं नाही. चारही वाडगे बरे निघाले.

राकूचं काळं ग्लेझ पारंपरिकरीत्या क्योटोतल्या कामो नदीच्या दगडापासून होतं. त्या दगडात लोह आणि मँगनीज असतं. दगड भाजून, कुटून, दळून त्यात लवकर वितळणारी काचेची पूड घालतात. जुन्या राकू ग्लेझांत ही काच बऱ्याचदा शिशाची असे. पिण्याच्या भांड्यासाठी आता बिनशिशाचीच घ्यावी, यात तडजोड नको. आम्ही तशीच घेतली आणि प्रमाण आधी मातीच्या छोट्या पट्ट्यांवर भाजून पाहिलं. काच कमी पडली तर पृष्ठभाग कोरडा आणि खरखरीत येतो, जास्त झाली तर ग्लेझ घामासारखं खाली पळतं.

ग्लेझ ओतायचं नाही, कुंचल्याने चढवायचं. एक थर दिला, पाणी मातीने शोषलं, मग दुसरा. आठ-नऊ थरांत जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास गेली. थर पूर्ण वाळायच्या आत पुढचा दिला तर खालचा फुगून पापुद्रे सुटतात. ओठावर शेवटचा थर पातळ केला, कारण वितळल्यावर ग्लेझ तिथून थोडं खाली ओघळतंच. पायाची कड आणि वरचे चार-पाच मिलिमीटर उघडे ठेवले. चोजिरोचे वाडगे पायासकट ग्लेझमध्ये असतात; आमचा उघडा ठेवायचा निर्णय भट्टीमुळे होता. ग्लेझ फळीला चिकटलं तर लाल वाडगा चिमट्याने सुटत नाही.

राकू घराण्यात काळा वाडगा कोळशाच्या छोट्या भट्टीत, भात्याच्या हवेवर, एका वेळी एकच भाजतात. आमची भट्टी गॅसची, पण तीही एका वेळी एकच वाडगा मावेल एवढी. पहिल्या वाडग्याला थंड भट्टीपासून वर जायला तीन तास लागले. पुढच्यांना भट्टीच्या डोक्यावर ठेवून आधी चांगलं तापवून घेतलं आणि मग आत सोडलं. त्यांना प्रत्येकी पाऊण तास. थंड वाडगा लाल भट्टीत ठेवला तर तो आत जातानाच फुटतो. चिमटाही दोन मिनिटं ज्वाळेत तापवून घ्यायचा. थंड लोखंड लाल मातीला लागलं की तिथून चीर सुरू होते.

तापमापक ११८० दाखवत असला तरी काढायची वेळ डोळ्यांनी ठरवायची, कारण तो भट्टीच्या हवेचं तापमान सांगतो, ग्लेझचं नाही. झरोक्यातून पाहायचं, गडद काचेचा चश्मा लावून. आधी ग्लेझ कोरडं, भेगाळलेलं दिसतं. मग त्याला उकळी फुटते. साखरेचा पाक उकळताना येतात तसे बुडबुडे उठतात आणि फुटतात. इथे हात शिवशिवतो, पण थांबायचं. बुडबुडे बसले, पृष्ठभाग ओल्या काचेसारखा एकसंध झाला आणि भट्टीच्या भिंतीचं प्रतिबिंब त्यात दिसू लागलं, की गॅस बंद, दार उघडायचं, चिमटा आत. सुती जाड कपडे, कातड्याचे लांब हातमोजे, बंद बूट. अंगावर नायलॉनचं काही नको, ते वितळून कातडीला चिकटतं. वाट मोकळी, पायात काही आडवं नाही आणि वाडगा ठेवायची विटांची जागा कोरडी आहे, हे दार उघडायच्या आधी पाहायचं.

चिमटा कुठे धरणार हेही आधीच ठरवावं. त्याची खूण ग्लेझमध्ये कायम राहते. प्रत्येक वाडग्याला पुढची बाजू असते, शोमेन. यजमान ती पाहुण्याकडे करून वाडगा ठेवतो आणि पाहुणा पिण्याआधी वाडगा दोनदा थोडा फिरवतो, की ओठ शोमेनला लागू नयेत. चिमट्याची खूण आम्ही शोमेनच्या उजवीकडे, कंबरेपाशी घेतली. तिथे ती हाताला सापडते आणि ओठापासून दूर राहते.

बाहेर आल्यावर पहिल्या क्षणी वाडगा नारिंगी, आतून उजेड असल्यासारखा दिसतो. मग लाल, मग गडद लाल, आणि दीड-दोन मिनिटांत रंग ओठाकडून खाली विझत जातो आणि काळा उरतो. हा काळा निवण्याच्या वेगातून येतो. तेच ग्लेझ भट्टीतच हळू निवू दिलं तर तपकिरीकडे झुकतं. मिनो या जपानी प्रांतातल्या सेतोगुरो नावाच्या काळ्या वाडग्यांचा रंगही असाच, लाल वाडगा बाहेर ओढून मिळवलेला. या रीतीला हिकिदाशी म्हणतात.

चारांपैकी पहिला आम्ही लवकर काढला. बुडबुडे पुरते बसले नव्हते. ओठावर सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली आणि पृष्ठभाग डांबरी कागदासारखा. कोरड्या पोताला, कासेला, चोजिरोच्या वाडग्यांत मोठा मान आहे, पण तो भिंतीवर. ओठावर भोकं असली तर चाकिनचे धागे अडकतात आणि चहा आत मुरतो. वाडगा पूर्ण निवू दिला, ओठावर पातळ थर दिला, वाळवला आणि शेवटी पुन्हा भट्टीत घातला. दुसऱ्या खेपेला ग्लेझ नीट बसलं. दुसरा आणि तिसरा पहिल्याच खेपेला चांगले निघाले. चौथा बाहेर येऊन निवताना ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. मडकं घेताना वाजवून घेतात तसं गार झाल्यावर वाजवून पाहिलं. बाकीच्यांचा आवाज मऊ पण भरीव, याचा खरखरीत. चीर कंबरेत आडवी होती. फोडून पाहिल्यावर कारण समोर आलं: कंबर ८ च्या जागी ११ मिलिमीटर आणि लगेच वर पोट ५. जाड भाग आत गरम राहिला, पातळ भाग आधी आकसला. कोरताना तिथे हात आळसावला होता.

मग पाण्याची परीक्षा. वाडगा काठोकाठ भरून कोरड्या कागदावर रात्रभर ठेवायचा. उघड्या पायातून थोडी ओल येते, ती चालते. कागदावर थेंब उमटला तर आतल्या ग्लेझला भोक आहे. तिन्ही कोरडे राहिले. हागी किंवा कारात्सुचा नवा वाडगा असेल तर वापराआधी तांदळाच्या धुवणात किंवा पातळ पेजेत मंद आचेवर ठेवतात, म्हणजे पिष्ट मातीच्या छिद्रांत बसतं. राकूला मात्र उकळायचं नाही. माती मऊ असते, उकळत्या भांड्यात आपटून ओठाचे टवके उडतात. त्याला नुसतं कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं. दर वापराआधीही दहा-पंधरा मिनिटं. प्यायलेली माती चहा पीत नाही.

या वाडग्यात पहिला चहा केला तो पातळ, उसुचा. दोन ग्रॅम माचा चाळून, सत्तर मिलिलिटर पाणी ८० अंशांच्या आतलं. आधी गरम पाण्याने वाडगा ऊबदार करून चाकिनने पुसला. फडका अडला नाही. रवी तळाशी मोकळी फिरली, कोपऱ्यात गुठळी राहिली नाही, फेस बारीक आला. काळ्यावर माचाचा हिरवा जेवढा उजळतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच रंगावर उजळत नाही, म्हणून रिक्यूंना काळा प्रिय असावा असं मानायला जागा आहे. घट्ट चहा, कोइचा, केला तर माणशी चारेक ग्रॅम माचा आणि एकाच वाडग्यातून सगळे पाहुणे पितात. त्या वेळी ओठाची खरी परीक्षा होते. दाट चहा ओठावरून सावकाश उतरला पाहिजे आणि वाडगा सरळ केल्यावर बाहेरून ओघळ खाली येता कामा नये. तिघांपैकी एका वाडग्याचा ओठ थोडा बाहेर झुकला आहे. त्यातून पातळ चहा छान येतो, दाट येत नाही. तो उसुचासाठीच ठेवला.

जपानमध्ये आठ चहाचे वाडगे राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित आहेत. त्यांतले दोनच जपानी मातीचे: मिनोमध्ये भाजलेला, पांढऱ्या ग्लेझचा शिनो वाडगा ‘उनोहानागाकी’, आणि होन्नामी कोएत्सुने घडवलेला, वरून पांढरा आणि खाली काळवंडलेला राकू वाडगा ‘फुजिसान’. कोएत्सु पेशाने कुंभार नव्हता. तलवारी पारखणाऱ्या घरातला, सुलेखनकार. चार वाडग्यांपुरती पांढरी आणि लाल माती घेऊन लवकर या, असं राकू घराण्याला लिहिलेलं त्याचं पत्र टिकून आहे. हातात कान्ना धरायला लागल्यापासून त्या पत्रातली घाई आम्हाला समजते.

धुताना साबण लावू नये. माती वास धरते आणि पुढचे चार चहा त्या वासाचे लागतात. कोमट पाणी आणि बोटं पुरतात. पुसून वाडगा सरळ नाही, आडवा किंवा पाय वर करून सावलीत ठेवावा, कारण ओल पायातूनच बाहेर पडते. दोन दिवसांत तो सुकल्यासारखा दिसतो, पण पाय गालाला लावला की अजून गार लागतो. आम्ही चार-पाच दिवस थांबतो, पावसाळी हवेत आठवडा. त्यानंतरच कापडात गुंडाळून किरी लाकडाच्या पेटीत ठेवतो.